पोलीस स्कॅनर मुके होतायत, त्याचं आपल्याला काय?

खडकेश्वर (धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर)

रेडिओच्या छंदातली एक शाखा आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. अमेरिकेत स्कॅनर नावाचं यंत्र दुकानात उघड विकत मिळतं. पोलीस, अग्निशमन, अ‍ॅम्ब्युलन्स यांच्या वाहिन्या एकामागून एक तपासत जायचं, जिथं कुणी बोलत असेल तिथं थांबायचं आणि ते ऐकवायचं, एवढंच त्याचं काम. त्यावरून बोलता येत नाही. १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून निरोप द्यायला सुरुवात केली. तो निरोप घरातल्या रेडिओचा काटा जरा पुढे सरकवला की कुणालाही ऐकू यायचा. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या वीजी नावाच्या छायाचित्रकाराला गाडीत पोलीस रेडिओ बसवायची परवानगी मिळाली आणि तो कित्येकदा सगळ्यांच्या आधी घटनास्थळी पोचायचा. पुढे निवृत्त फायरमन, गुन्हेवार्ताहर, रात्री झोप न येणारे म्हातारे, असा मोठा गोतावळा या यंत्राभोवती जमला.

आता हे सगळं बंद होत चाललंय. डेन्व्हरने २०१९ मध्ये पोलिसांचं बोलणं पूर्ण कुलूपबंद (एनक्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय कळणार नाही असं) केलं. शिकागोने २०२२ पर्यंत तेच केलं. तिथे आता अर्धा तास उशिराने ऐकायला मिळतं. न्यूयॉर्कने जुलै २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या उत्तर भागापासून सुरुवात केली. त्या नव्या यंत्रणेचा खर्च ३९ कोटी डॉलर सांगितला गेला.

इथे एक घोळ नेहमी होतो, म्हणून आधीच सांगतो. "डिजिटल झालं म्हणून ऐकू येत नाही" हे चूक आहे. तिकडचं पी२५ हे डिजिटल मानक १९८९ पासून घडत आलंय. त्यात आवाजाचे आकडे होतात, पण ते आकडे परत आवाजात फिरवणारे स्कॅनर बाजारात आले आणि लोक आरामात ऐकत राहिले. दुसरी गोष्ट ट्रंकिंगची. त्यात वाहिन्यांचा एक सामायिक साठा असतो आणि एक नियंत्रण वाहिनी सारखी सांगत असते की आत्ता अमुक गटाचं बोलणं तमुक वाहिनीवर चाललंय. स्कॅनर ती नियंत्रण वाहिनी वाचायला शिकला आणि मागोमाग पळू लागला. पण त्या आकड्यांवर एईएस-२५६ या एनक्रिप्शन पद्धतीचं कुलूप पडलं की विषय संपला. किल्ली नसेल तर हाती खरखर येते. नवे स्कॅनर तेवढीही ऐकवत नाहीत, पडद्यावर "एनक्रिप्टेड" दाखवून पुढे सरकतात. म्हणजे डिजिटल होणं आणि कुलूप लावणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसरा निर्णय यंत्र घेत नाही, खुर्चीतला माणूस घेतो.

मी स्वतः आरटीएल डोंगलवाला. टीव्ही बघायला केलेलं यूएसबीचं बोटभर यंत्र, त्यातल्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चा सिग्नल काढता येतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आलं आणि गरिबाघरी रेडिओची प्रयोगशाळा आली. मी गच्चीवरून विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे संदेश टिपतो, हवामान उपग्रहांची चित्रं उतरवतो. पोलिसांच्या वाटेला कधी गेलो नाही, जाणारही नाही. तरीही तिकडचे हे वाद वाचून प्रश्न पडला की संकटाच्या वेळी सरकारी यंत्रणा आपसात काय बोलते ते सामान्य माणसाला ऐकू यावं का? तुमचं मत काय?

तिखट_शेव (जालना)

आपल्याकडं स्कॅनर कशाला लागतोय! चौकातल्या चहाच्या गाड्यावर उभं राहा, गाडी निघायच्या आधी कळतं कुठं निघाली ते.

बिनतारी_निवृत्त (नांदेड)

वरच्या विनोदात तथ्य आहे, आणि माझ्या मुद्द्याची सुरुवातही तिथूनच होते.

मी नोकरीची सगळी वर्षं वायरलेस सेटपुढे काढली. आमच्या वेळी सगळा कारभार साध्या व्हीएचएफ एफएमवर, म्हणजे कुलूप नसलेल्या रेडिओलहरींवर. कुणी वाहिनी धरली की आमचं सगळं बोलणं त्याच्या घरात. म्हणून आम्ही काय करायचो? खरं काम सेटवर बोलायचोच नाही. "लँडलाइनवर या" एवढाच निरोप द्यायचा. छाप्याला निघालेल्या पथकाला कुठं जायचंय हे गाडीत बसल्यावर तोंडी सांगायचे. गोदावरीच्या पात्रातल्या वाळूवाल्यांचं जाळं इथल्या वाचकांना सांगायला नको. फाट्याफाट्यावर मोटारसायकलवर पोरं बसवलेली असतात, महसूलची गाडी हलली की ग्रुपवर मेसेज. त्यांच्या हातात आमची वाहिनीसुद्धा द्यायची म्हणता?

दुसरी गोष्ट. सेटवर काय काय बोललं जातं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. मयताचं नाव, घरच्यांना कळायच्या आधी. अत्याचार झालेल्या मुलीचा पत्ता. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव. कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांना नेमकं हेच बजावलं होतं की माणसांची खाजगी माहिती उघड्या वाहिनीवर जाता कामा नये. तुम्हाला त्यात निर्णय घेणारी खुर्ची दिसते. मला त्या मुलीचं घर दिसतं.

बीडचा_बातमीदार

काका, मान ठेवून बोलतो. त्याच कॅलिफोर्नियातली पुढची गोष्टही सांगा. त्या पत्रात दोन वाटा दिल्या होत्या. एक तर सगळं कुलूपबंद करा, नाहीतर खाजगी माहिती उघड्या वाहिनीवर बोलायची नाही अशी शिस्त लावा. पालो आल्टोने जानेवारी २०२१ मध्ये सगळं कुलूपबंद केलं, पत्रकारांनी आणि नागरिकांनी ओरड केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वाहिनी परत उघडली. मुलीचा पत्ता मोबाइलवर सांगायचा, बाकीचं बोलणं उघडं ठेवायचं. झालं की काम! तुमचं ते "लँडलाइनवर या" म्हणजे वेगळं काय होतं?

मी जिल्ह्यात बातमीदारी करतो. इथे घटना घडली की आम्हाला दोनच वाटा असतात: अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर आलेली प्रेसनोट, नाहीतर गावातल्या पोराने पाठवलेला व्हिडिओ. एकीत वेळ आणि क्रम साहेबांच्या सोयीने लावलेला, दुसऱ्यात डोकं ना शेपूट. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, हे तिसऱ्या कुणी ऐकलेलंच नसतं. अमेरिकेतल्या वार्ताहराला स्कॅनरमधून हे मिळायचं. बातमी नव्हे, घड्याळ मिळायचं. ते गेल्याचं दुःख मला कळतं. आपल्याकडे ते कधी नव्हतंच, ही गोष्ट वेगळी.

वकील_वसमतरोड (परभणी)

कायद्याचं सांगून टाकतो, नाहीतर एखादं उत्साही पोरगं आजच ऑनलाइन काहीतरी मागवायचं.

अमेरिकेत ऐकण्याची मोकळीक आहे, तीही पूर्ण नाही. मोबाइल फोनचं बोलणं ऐकणं १९८६ च्या कायद्याने तिथे गुन्हा ठरलं आणि १९९४ पासून त्या वारंवारिता पकडणारे स्कॅनर बनवणंच बंद झालं. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवायलाही मज्जाव आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेलं बोलणं परवानगीशिवाय ऐकणं हाच गुन्हा आहे. जर्मनीतही तसंच.

आपल्याकडचं मूळ इंग्रजांच्या काळातलं. १८८५ चा तार कायदा आणि त्यावर १९३३ चा बिनतारी कायदा. १९३३ चा कायदा ऐकण्याबिकण्याच्या आधी, यंत्र जवळ बाळगायलाच परवाना मागायचा. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, घरच्या साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. पुस्तकावर दरसाल तिकीट चिकटवायचं. १९८० च्या दशकात ती कटकट गेली. आता दूरसंचार कायदा २०२३ आलाय. त्यातलं कलम ४२ जून २०२४ पासून लागू झालं. बेकायदा संदेश मधेच पकडणं यात आलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. वॉकीटॉकीचंही तेच. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा २०१८ पासून कमी ताकदीच्या संचांना परवान्याविना खुला आहे. त्याबाहेरचे चिनी संच ऑनलाइन सर्रास विकले जात होते, म्हणून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री-संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि वेगळी नियमावलीच आणली.

थोडक्यात, धागाकर्त्याने "वाटेला गेलो नाही" असं आधीच लिहिलं ते शहाणपणाचं आहे.

होणारा_इंजिनिअर (नांदेड)

वकीलसाहेब, भीती घालू नका हो 😅 मला फक्त तांत्रिक उत्सुकता आहे. हे कुलूप तुटतच नाही का? दिल्लीत टेट्रा आहे म्हणतात. ते काय असतं?

खडकेश्वर

@होणारा_इंजिनिअर, एईएस-२५६ चा नाद सोड. आपल्या नातवंडांच्या संगणकालाही ते जमायचं नाही. तिकडच्या काही खात्यांनी पैसे वाचवायला ४० बिटांची स्वस्त पद्धत वापरली होती, ती कच्ची आहे. पण तिकडेही कुलूप फोडून ऐकणं हा गुन्हाच, आणि जुने स्कॅनरवाले या बाबतीत फार सोवळे असतात. फोडाफोडीचं नाव काढलं की हाकलून देतात.

टेट्रा हे युरोपातलं मानक. दिल्ली पोलिसांकडे ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी आलं. त्याच्या कुलपांची आतली रचना कित्येक वर्षं गुपित ठेवली होती. गुपित म्हणजे सुरक्षित अशी समजूत. २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या डच संशोधकांनी ते उलगडून दाखवलं. टीईए१ या प्रकारात किल्ली ८० बिटांची सांगायचे, पण आत गुपचूप ती ३२ बिटांवर आणलेली. साध्या संगणकावर काही मिनिटांचं काम. या लोकांनी आधी उत्पादकांना आणि सरकारांना कळवलं, दीड वर्षाहून जास्त थांबले, मग जाहीर केलं. त्याच वर्षी युरोपच्या मानक संस्थेने ती सूत्रं उघडी करायचं ठरवलं. तुला याच वाटेने जायचं असेल तर डिग्री पूर्ण कर आणि असं काहीतरी कर. चोरून ऐकण्यात काही शिक्षण नाही.

लामजना_फाटा (जि. लातूर)

तुमचं हे सगळं वाचूलालो दोन दिवस झालं. मधात बोलू का नको म्हणून थांबलो होतो.

३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी परत लिहीत नाही. रेडिओचा विषय आहे म्हणून तेवढंच सांगतो. त्या वेळी मोबाइल नव्हते. फोन म्हणजे तालुक्याला आणि मोठ्या गावात थोडेफार, तेही गेलेले. पुढच्या दिवसांत मदतीला जी माणसं आली त्यात हौशी रेडिओवाले होते. हॅम म्हणतात ते. गाडीची बॅटरी, एक पेटीएवढा सेट, आणि झाडापासून तंबूच्या खांबापर्यंत ताणलेली तार. ती तार पाहून आमची म्हातारी म्हणली, कपडे वाळत घालायला तार बांधूलालेत वाटतं.

त्या सेटवरून काय जायचं? नावं. अमुक गावचा अमुक दवाखान्यात आहे, जिवंत आहे, पुण्याला भावाला कळवा. कुठल्या गावात ताडपत्री पोचली नाही. कुठं सलाईन पायजे. बोलणारा एकच गोष्ट तीन-तीनदा म्हणायचा, पलीकडचा परत म्हणून दाखवायचा. भोवती आम्ही वीस-पंचवीस जण उभे. कुणी हाकललं नाही. कुणाचं नाव आलं की गर्दीतूनच "हे तर आमच्या सोयऱ्याचं" म्हणून आवाज यायचा.

बिनतारी काका म्हणतात मयताचं नाव उघड्यावर जाऊ नये. त्यांचं खरं आहे. पण तेव्हा ते उघड्यावर जात होतं म्हणूनच माणसाला माणूस सापडला. दोन्ही खरं आहे, काय करता.

बिनतारी_निवृत्त

@लामजना_फाटा, दादा, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. फक्त एवढंच म्हणतो की ती वाहिनी त्याच कामासाठी उघडी होती आणि बोलणाऱ्याला ते माहीत होतं. पोलिसांच्या वाहिनीवर बोलणाऱ्या शिपायाला वाटतं आपलं फक्त कंट्रोल ऐकतंय. ऐकलं जातंय हे माहीत असताना बोलणं आणि माहीत नसताना बोलणं यात फरक आहे.

आणि मुंबईचा हल्ला आठवा, नोव्हेंबर २००८. कमांडो कुठून उतरतायत हे टीव्हीवर थेट दिसत होतं आणि पलीकडचे लोक ते बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. म्हणून २०१५ मध्ये नियम बदलून अतिरेकीविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आणावी लागली. चालू कारवाईचं बोलणं बंदच पाहिजे. यावर दोन मतं कशी असतील?

बीडचा_बातमीदार

चालू कारवाईवर दोन मतं नाहीतच काका. अमेरिकेतही विशेष पथकांच्या वाहिन्या आधीपासून बंद होत्या, त्यावर कुणी रडत नव्हतं. आक्षेप रोजच्या वाहिनीबद्दल आहे. अपघात झाला, आग लागली, भांडण झालं, गाडी पाठवा. यात गुपित काय? शिकागोने अर्धा तास उशिराने दिलं, तेही चालेल. उशिराने का होईना, नोंद तरी उरते.

सीनाकाठ (परंडा)

मी इथे फक्त वाचत असते, आज लिहिते.

तुम्ही सगळे पोलिसांचं ऐकावं की नको यावर भांडताय. आमचा प्रश्न वेगळा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पाणी आलं तेव्हा आमच्या तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. आम्ही उंचवट्यावर होतो, आमचं निभावलं. पण रात्रभर कळत नव्हतं की पाणी अजून चढणार की उतरणार. लाईट नाही. टॉवरची बॅटरी संपली तसं नेटवर्क गेलं. त्याआधी ग्रुपवर कुणाचे तरी ऑडिओ फिरत होते, धरण फुटलंय, गाव सोडा. कुणी पाठवले, कधीचे, कुठलं धरण, काही पत्ता नाही. सासूबाईंनी तर देव्हारा पाटीत भरून ठेवला होता.

त्या रात्री मला पोलिसांच्या गप्पा नको होत्या. धरणावर जो माणूस ड्युटीला आहे तो वरच्या साहेबाला जे सांगतो तेवढं एक वाक्य हवं होतं. किती क्युसेक सोडलं, किती वाजता सोडलं. त्यात तर कुणाचं नाव नाही ना, पत्ता नाही? ते का ऐकू येऊ नये?

तिखट_शेव

ताई +१. इतक्या प्रतिसादांत पहिला कामाचा मुद्दा.

खडकेश्वर

ताई, तुमच्या प्रतिसादाने माझा मूळ प्रश्न पार फिरवला, आणि बरंच झालं.

तिकडे स्कॅनर ऐकणाऱ्यांचा सगळ्यात मोठा बचावच हा असतो की वणवा, वादळ, पूर आला तर आम्हाला आधी कळतं. तो मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच बऱ्याच ठिकाणी अग्निशमनाच्या वाहिन्या अजून उघड्या ठेवल्यात. नेदरलँड्समध्ये तर गंमत आहे. पोलिसांचं बोलणं टेट्रावर बंद, पण आग आणि अ‍ॅम्ब्युलन्सची बोलावणी करणारं पी२००० हे पेजरचं जाळं १६९.६५ मेगाहर्ट्झवर उघडं. कुठे बंब निघाला ते लोक थेट बघतात. म्हणजे मधला मार्ग निघतो. काढायची इच्छा लागते.

आपल्याकडे उलट आहे. ऐकायचा रस्ता कायद्याने बंद, आणि सांगायचा रस्ता टॉवरवर अवलंबून. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले होते ना, ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. पद्धत चांगली आहे, त्या टापूतल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी जातं, नंबर लागत नाही. दामिनी अ‍ॅप विजेचा इशारा देतं, आपल्याकडे शेतात वीज पडून माणसं जातात तिथे त्याचा खरा उपयोग आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनवर सगळ्या गावाला आवाज जातो. पण या सगळ्याला टॉवर जिवंत लागतो. ताईंच्या गावात नेमका तोच मेला. मध्यमलहरी रेडिओला गावात टॉवर लागत नाही. परभणी आकाशवाणीचा १३०५ किलोहर्ट्झ सेलच्या रेडिओवरही लागतो. पण किती घरांत असा रेडिओ उरलाय?

बीडचा_बातमीदार

अफवांचा विषय निघालाच आहे तर २०२४ चा पावसाळा आठवा. रात्री गावांवर ड्रोन फिरतायत, चोर टेहळणी करतायत. आमच्या गेवराईपासून पैठण, जालन्यापर्यंत माणसं काठ्या घेऊन जागत होती. तेव्हा पोलिसांची वाहिनी लोकांनी ऐकली असती तर काय ऐकू आलं असतं? पोलीसही आभाळाकडेच बघतायत, एवढंच. पण त्यानेही अर्धी भीती गेली असती असं मला वाटतं.

बिनतारी_निवृत्त

किंवा वाढली असती! "अमुक शिवारात लाल दिवा दिसला, गाडी पाठवा" एवढंच अर्धवट ऐकून अर्धं गाव त्या शिवारात पोचलं असतं आणि कुणीतरी वाटसरू मार खाऊन बसला असता. कंट्रोलवर येतं ते सगळं खरं नसतं. ती तक्रार असते, शहानिशा नंतर होते. ऐकणाऱ्याला ते कळत नाही. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ साली स्फोट झाले तेव्हा हेच झालं. स्कॅनरवर नाव ऐकलं म्हणत लोकांनी एका निष्पाप बेपत्ता मुलालाच आरोपी ठरवून जगभर पसरवलं. त्याच्या घरच्यांनी काय भोगलं असेल?

बीडचा_बातमीदार

हे मान्य. पण त्यावर इलाज वाहिनी बंद करणं हा आहे, हे अजूनही मान्य नाही. आपलं इथे जुळणार नाही काका, चहाला भेटू तेव्हा पुढचं भांडू.

व्हीयू३_बालाघाट (अंबाजोगाई)

उशिरा आलो. प्रतिबंधित श्रेणीचा हॅम परवाना आहे, म्हणून नावात व्हीयू३.

स्कॅनरच्या वादात एक गोष्ट कुणी बोललं नाही. हॅमच्या वाहिन्यांवर कुलूप लावायलाच मनाई आहे. आंतरराष्ट्रीय नियम आहे की हौशी केंद्रांचं आपसातलं बोलणं अर्थ लपेल अशा सांकेतिक रूपात नसावं. अपवाद फक्त उपग्रहाला द्यायच्या आज्ञांचा. आम्ही डिजिटल बोलू शकतो, मोर्स बडवू शकतो, पण लपवू शकत नाही. प्रत्येकाने आपलं कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं ओळखनाव) सांगायचं. म्हणजे ताईंना त्या रात्री जो निनावी ऑडिओ आला तसा प्रकार इथे चालत नाही. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, हे आधी.

म्हणून मला वाटतं आपल्याकडे पोलिसांची वाहिनी उघडा म्हणून भांडण्यात राम नाही. ती उघडणार नाही, आणि काकांची कारणं खोटी नाहीत. मागायचं असेल तर हे मागा की धरणावरचा आकडा तासातासाला रेडिओवरून उघडा सांगितला जावा, आणि प्रत्येक तालुक्यात तो घेऊन पुढे देणारी दोन-चार परवानाधारक माणसं असावीत. पैठणच्या जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. ते उचलले की गोदाकाठच्या माणसाला आकडा टीव्हीच्या पट्टीवर मिळतो, पण लाईट गेल्यावर पट्टी कुठली?

अडचणीही सांगतो, नाहीतर फार गोड चित्र होईल. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. बालाघाटाच्या रांगेमागे बसलेल्या गावाला पलीकडचं ऐकूच येत नाही. मधे उंचावर रिपीटर (आलेला सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) लागतो, आणि रिपीटरला पुरात वीज लागते. दूरवर बोलायला ७ मेगाहर्ट्झचा पट्टा दिवसा चांगला चालतो, लामजन्याच्या आजीने पाहिलेली तार बहुधा त्यातलीच असणार. पण त्यासाठी माणूस सरावातला हवा. ऐन पुरात पुस्तक उघडून जमत नाही.

होणारा_इंजिनिअर

परीक्षा अवघड असते का? मोर्स यावंच लागतं का?

व्हीयू३_बालाघाट

प्रतिबंधित श्रेणीला मोर्स नाही. सामान्य श्रेणीला, म्हणजे व्हीयू२ ला, मिनिटाला आठ शब्दांचं यावं लागतं. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम, तुला आठवड्याचा अभ्यास पुरेल. अर्ज सरल संचार पोर्टलवर. मात्र परीक्षेची तारीख मिळेपर्यंत आणि नंतर परवाना हातात पडेपर्यंत चिकाटी ठेव. आणि परवाना यायच्या आधी सेट विकत घेऊ नकोस, वकीलसाहेब वर आहेतच.

वकील_वसमतरोड

आहे, आहे. आणि परवाना मिळाला तरी तो फक्त हॅमच्या पट्ट्यांपुरता, पोलिसांचं ऐकायला नव्हे.

खडकेश्वर

अवांतर: कुणी उपग्रहाची चित्रं उतरवायच्या नादाला लागणार असेल तर जुने व्हिडिओ बघून फसू नका. एनओएए-१५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये निवृत्त झाले. आता १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाचे मेटिऑर आहेत. त्यांचा सिग्नल डिजिटल आहे, पण कुलूप नाही. चित्र उलट जास्त स्वच्छ येतं. पावसाळ्यात आपल्या डोक्यावरचा ढग स्वतःच्या गच्चीवर उतरवून बघण्यात जी मजा आहे ती अ‍ॅपमध्ये नाही.

सीनाकाठ

बालाघाट दादा, माझी मुलगी आठवीत आहे. तिला ते रेडिओचं वेड आहे, जुना ट्रान्झिस्टर उघडून बसते. तिला ही परीक्षा देता येईल का, का अठरा पूर्ण लागतात?

व्हीयू३_बालाघाट

बारा पूर्ण असले की पुरे, ताई. तिला बसवा. अभ्यासाचं मराठीत फारसं काही नाही, माझ्या वहीची पानं मी इथेच नवा धागा काढून टाकतो. काका, मोर्सचा भाग तुम्ही घ्याल का?

बिनतारी_निवृत्त

घेतो की. पण पाठ करायला सांगणार नाही, कानाने शिकवीन. डॅश-डॉट कागदावर लिहून शिकलेलं पोरगं जन्मभर अडखळतं. रविवारपासून सुरू करू, आवाजाच्या फाइली करून ठेवतो.